एअरब्रश नवीन घेतला, पण रंग अडकतो, थुंकतो, पसरतो: ब्रश बदलण्याआधी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्केल मॉडेल रंगवण्यासाठी ०.२ मिमी नोझलचा डबल ॲक्शन एअरब्रश घेतला आहे, सोबत ब्रशच्या खालीच बसणारा छोटा बॅटरीचा कॉम्प्रेसर आहे. साध्या ब्रशने लावायचे ॲक्रिलिक रंग पाणी घालून वापरले जात आहेत. मिनिटभर फवारा नीट येतो, मग थांबतो, मग एकदम शिंतोडे उडतात. जास्त पातळ केलं तर मॉडेलवर रंगाला पाय फुटतात, म्हणजे तो कोळ्याच्या पायांसारखा सगळीकडे पसरतो. आता नावाजलेल्या कंपनीचा महाग ब्रश घ्यावा का?

आत्ता तरी घेऊ नका. महाग ब्रशमध्ये सुई आणि नोझल अधिक अचूक घडवलेले असतात, ट्रिगर मऊ चालतो आणि सुटे भाग मिळत राहतात. हे फायदे खरे आहेत. पण तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं रंगाचा पातळपणा, हवेचा दाब आणि पृष्ठभागापासूनचं अंतर यांचा मेळ बसत नसल्याची आहेत, आणि हा मेळ कोणत्याही ब्रशमध्ये आपोआप बसत नाही. सध्या तुमच्याकडे या तिन्ही गोष्टी दर वेळी एकदम बदलत आहेत, त्यामुळे कशामुळे काय झालं ते कळायला मार्गच नाही.

त्यामुळे सगळ्यात आधी एक चाचणी करा. ब्रश पूर्ण धुऊन कपमध्ये फक्त स्वच्छ पाणी घ्या आणि कोऱ्या कागदावर फवारा. फवारा एकसारखा, सरळ आणि बारीक थेंबांचा आला, तर ब्रश ठीक आहे आणि दोष मिश्रणात किंवा दाबात आहे. पाणीही धक्क्याधक्क्याने येत असेल, तर कपात बघा. बुडबुडे येत असतील, तर नोझलच्या बैठकीतून हवा उलटी रंगाच्या वाटेत शिरते आहे: नोझल किंवा पुढची टोपी सैल आहे, नोझलमध्ये वाळलेला रंग आहे किंवा नोझलला चीर गेली आहे. बुडबुडे नाहीत पण फवारा ठेक्यात कमी-जास्त होतो, तर संशय कॉम्प्रेसरवर. फवारा एका बाजूला झुकत असेल, तर बहुतेकदा सुईचं टोक वाकलेलं असतं. नखावरून टोक अलगद मागे ओढा, वाकलेलं टोक लगेच खरवडल्यासारखं लागतं. किंचित वाक असेल, तर २००० ग्रिटच्या पॉलिश पेपरवर सुई आडवी ठेवून, बोटाने फिरवत, टोकाच्या दिशेने ओढून तो काढता येतो. जास्त वाकलेली सुई बदलावी, कारण ती नोझलचं तोंड आतून खराब करते.

ही लक्षणं समजायला आतली रचना डोळ्यासमोर हवी. नोझल म्हणजे एक बारीक निमुळती नळी, आणि तिच्यात निमुळती सुई बुचासारखी बसलेली असते. डबल ॲक्शनमध्ये ट्रिगर खाली दाबला की हवा सुरू होते. मागे ओढला की सुई मागे सरकते, फट उघडते आणि रंग येतो. नोझलभोवतून वेगाने जाणारी हवा टोकापाशी दाब कमी करते, त्यामुळे रंग ओढला जातो आणि तीच हवा त्याचे बारीक थेंब करते. म्हणजे सगळं काम केसाएवढ्या गोल फटीत चालतं. रंगातला एखादा कण, सुईवर वाळलेला पापुद्रा किंवा नोझलच्या तोंडाला पडलेली चीर, यांपैकी काहीही ती फट बिघडवतं.

०.२ मिमीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सुरुवातीला तो आकार नको. बारीक काम बारीक नोझलने होतं हा समज अर्धाच खरा आहे. रेषा बारीक येते ती मुख्यतः मिश्रण, कमी दाब, कमी अंतर आणि ट्रिगरवरचा ताबा यांमुळे. ०.३ मिमीने पेन्सिलच्या रेषेइतकं बारीक काम होतं आणि रंग कमी अडकतो. ०.२ ला रंग खूप पातळ लागतो, टोकावर वाळण्याचा त्रास सर्वात जास्त होतो, आणि धातूच्या चमकीचे रंग किंवा प्राइमर त्यातून सुखाने जात नाहीत. नवशिक्यासाठी ०.३ ते ०.४ मिमी, वरून कप असलेला, डबल ॲक्शन, ही निवड बहुतेक कामांना पुरते. प्राइमर आणि मोठ्या पृष्ठभागांवर भर असेल, तर ०.५ देखील चालतो. तुमच्या सेटमध्ये ०.३ ची सुई, नोझल आणि नोझलची टोपी असेल, तर तिन्ही एकत्र बदला. एका आकाराची सुई दुसऱ्या आकाराच्या नोझलमध्ये कधीच घालू नका.

वरच्या कपातून रंग स्वतःच्या वजनाने खाली येतो, म्हणून दाब कमी लागतो आणि दहा थेंबांतही काम होतं. खालून बाटली लावायच्या ब्रशला रंग वर ओढायला जास्त दाब लागतो. टी-शर्ट किंवा मोठे फलक रंगवणाऱ्यांना ती सोय आहे, मॉडेलवाल्यांना फारशी नाही.

पैसे खर्च करायचेच असतील, तर आधी कॉम्प्रेसरवर करा. ब्रशला चिकटणाऱ्या छोट्या कॉम्प्रेसरमध्ये हवेची टाकी नसते, त्यामुळे पंपाचे ठोके थेट फवाऱ्यात उतरतात. अनेकांमध्ये दाब नेमका ठरवताही येत नाही, बॅटरी उतरली की तो आणखी ढासळतो. शिकताना हेच सर्वात मारक असतं. साधारण ३ लिटरची टाकी, दाब कमी-जास्त करायचा रेग्युलेटर, गेज आणि मॉइश्चर ट्रॅप असलेला पिस्टन कॉम्प्रेसर घ्या. असे कॉम्प्रेसर टाकी भरली की आपोआप बंद होतात आणि दाब उतरला की पुन्हा सुरू होतात, म्हणून आवाज आणि तापणं दोन्ही कमी. मॉइश्चर ट्रॅप हवाच. दाबलेली हवा थंड झाली की तिच्यातली वाफ पाणी होते आणि दमट दिवसांत रंगाच्या मधोमध पाण्याचा थेंब येऊन पडतो. टाकीच्या तळाचा बोल्ट सैल करून साठलेलं पाणी नियमित काढा, आणि त्याआधी टाकीतली हवा सोडून द्या.

दाब बघताना एक गोष्ट बऱ्याच जणांकडून सुटते. ट्रिगर सोडलेला असताना गेजवर दिसणारा आकडा आणि हवा वाहत असतानाचा आकडा वेगवेगळे असतात, दुसरा काही पीएसआयने (हवेच्या दाबाचं एकक) खाली येतो. तुम्हाला उपयोगाचा तो दुसरा, म्हणून ट्रिगर दाबून धरून रेग्युलेटर लावा. मी पुढे देतो ते आकडे याच अर्थाने आहेत. सर्वसाधारण बेसकोटला (मुख्य रंगाच्या थराला) १५ ते २० पीएसआय, प्राइमरला २० ते २५, अगदी जवळून बारीक कामाला १० ते १२. गेज बारमध्ये असेल, तर १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय.

आता रंग, आणि खरी अडचण इथेच आहे. ‘ॲक्रिलिक’ हे एकच नाव वेगवेगळ्या स्वभावाच्या रंगांना दिलं जातं. वालेहोसारखे रंग पूर्णपणे पाण्यावर आधारलेले असतात. तामियाचे ॲक्रिलिक अल्कोहोल वर्गातल्या द्रावकावर चालतात. दोन्हींच्या बाटलीवर ॲक्रिलिकच लिहिलेलं असतं, पण पहिल्या प्रकारात आयसोप्रोपिल अल्कोहोल घातलं, तर मिश्रण फाटून रबरासारख्या गुठळ्या होतात आणि त्या थेट नोझलमध्ये जाऊन बसतात. म्हणून रंग ज्या कंपनीचा त्याच कंपनीचा थिनर, हा नियम निदान पहिले काही महिने मोडू नका. नुसत्या पाण्याने वालेहो पातळ होतो हे खरं, पण पाण्याचा पृष्ठताण जास्त असल्याने रंग प्लॅस्टिकवर थेंब धरून बसतो. शिवाय पाण्याने बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा घटक, विरळ होतो आणि रंगाची पकड कमी होते. तुमच्या रंगाला पाय फुटण्यामागे हे एक मोठं कारण आहे.

लॅकर रंग (तीव्र द्रावकात बनवलेले), उदाहरणार्थ मिस्टर कलर, एअरब्रशमधून सर्वात गुळगुळीत जातात, प्लॅस्टिकला घट्ट धरतात आणि टोकावर कमी वाळतात. मात्र त्यांचा वास आणि वाफा तीव्र असतात. हवा बाहेर फेकायची सोय आणि योग्य मास्क नसेल, तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. कोणता प्रकार निवडायचा ते तुमच्या खोलीवर आणि घरात कोण राहतं यावर अवलंबून आहे, म्हणून तो निर्णय मी तुमच्यावर सोडतो. दोनदोन प्रकार एकदम शिकू नका, एवढंच म्हणेन.

प्रमाणं सुरुवातीच्या अंदाजासाठी देतो, कारण एकाच कंपनीच्या दोन रंगछटांची घनताही वेगळी असते. तामिया: एक भाग रंगाला एक भाग थिनर, बारीक कामाला दीड ते दोन भाग. मिस्टर कलर: एकास एकपासून एकास दोनपर्यंत. वालेहो मॉडेल एअरसारखे आधीच पातळ रंग: दहा थेंबांना दोन-तीन थेंब थिनर आणि एक थेंब फ्लो इम्प्रूव्हर (रंग सहज वाहावा म्हणून घालायचा द्रव). साध्या ब्रशने लावायचे घट्ट रंग, जसे वालेहो मॉडेल कलर: एकास एकपासून सुरू करून थेंबाथेंबाने पुढे. ‘दुधासारखं पातळ’ हे वर्णन सगळीकडे ऐकाल, आणि ते बरोबर असलं तरी डोळ्यांना फसवतं. त्यापेक्षा मिश्रणाचा एक थेंब कपाच्या भिंतीवर ओढा. तो सहज खाली घसरला आणि मागे रंगाचा पातळ, अर्धपारदर्शक पडदा राहिला, तर जमलं. भिंत जवळजवळ स्वच्छ झाली तर फार पातळ, जाड ओघळ तसाच अडून राहिला तर फार घट्ट.

मिश्रण कपात न करता छोट्या वाटीत करा. बाटली आधी नीट हलवा, तळाला बसलेलं पिगमेंट वर आलंच पाहिजे. कपातच मिसळायचं असेल, तर आधी थिनर, मग रंग. उलट केलं तर घट्ट रंग कपाच्या तळाशी नोझलच्या वाटेत जाऊन बसतो आणि तो तिथून निघत नाही. जुनी बाटली असेल, तर बारीक जाळीतून गाळून घ्या, कारण बाटलीच्या तोंडावर वाळलेल्या पापुद्र्याचे तुकडे हे अडकण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे.

मिश्रण तयार झालं की फवारा काय सांगतो ते वाचायला शिका. पाय फुटतात, म्हणजे पृष्ठभाग जेवढा रंग धरू शकतो त्यापेक्षा जास्त ओला रंग पडतो आहे आणि मागून येणारी हवा त्याला ढकलते आहे. ट्रिगर कमी ओढा, दाब २-३ पीएसआयने उतरवा, हात जरा वेगाने फिरवा. त्यानेही थांबलं नाही, तरच मिश्रण घट्ट करा. पृष्ठभाग खरखरीत, धुळीसारखा येतो, म्हणजे थेंब वाटेतच वाळतात. जवळ या, दाब कमी करा, किंवा थिनर वाढवा. शिंतोडे उडतात, म्हणजे मिश्रण घट्ट आहे, दाब अपुरा आहे किंवा टोकावर रंग वाळून गोळा झालेला आहे. ओघळ येतो, म्हणजे एकाच जागी हात थांबला. यातला प्रत्येक उपाय एकेकटा करून बघा. दाब, पातळपणा आणि अंतर यांपैकी दोन गोष्टी तशाच ठेवून तिसरी बदला, आणि फरक कागदावर लिहून ठेवा. सुरुवातीसाठी १८ पीएसआय, एकास एक मिश्रण आणि ५ ते ८ सेंटिमीटर अंतर हा पाया धरा. बारीक रेषेसाठी १ ते २ सेंटिमीटर, प्राइमरसाठी १० सेंटिमीटरच्या आसपास.

मिनिटभराने फवारा थांबतो, त्याचं उत्तर बहुतेक वेळा टोकावर वाळणं हेच असतं. वेगवान हवा सुईच्या टोकावरचा पाण्याचा अंश उडवून नेते, ॲक्रिलिकची त्वचा तयार होते आणि वाट बुजते. पुढे तीच त्वचा एकदम सुटते, म्हणून शिंतोडा उडतो. कोरड्या, गरम हवेत आणि जास्त दाबात हे लवकर होतं. मिश्रणात एक-दोन थेंब फ्लो इम्प्रूव्हर किंवा रिटार्डर (वाळणं लांबवणारा द्रव) घाला. प्रमाण वाढवलंत, तर रंग तासन्‌तास चिकट राहील. दाब उतरवा, आणि दर दोन-तीन मिनिटांनी थिनरमध्ये भिजवलेल्या इअरबडने सुईचं टोक पुढून पुसा. एकदा ट्रिगर पूर्ण मागे ओढून कागदावर फवारा सोडा आणि पुढे चला. पाण्याच्या ॲक्रिलिकमध्ये हे पुसणं कधीच पूर्ण टळत नाही, तो कामाचा भागच आहे.

इथपर्यंतचं थोडक्यात: आधी पाण्याची चाचणी, मग ०.३ चा संच, टाकीवाला कॉम्प्रेसर, एकाच कंपनीचा रंग आणि थिनर, आणि एका वेळी एकच बदल.

ट्रिगरचा सराव मॉडेलवर करू नका. क्रम हाताला लागला पाहिजे: हवा सुरू, हात फिरायला लागला, मग रंग. शेवटी रंग बंद, हात अजून फिरतोय, मग हवा बंद. ट्रिगर मागे असताना हवा सोडली, तर टोकावर रंगाचा गोळा राहतो आणि पुढच्या वेळी तोच थुंकला जातो. सुरुवातीला कागदावर ठिपके, मग दोन ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषा, मग एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला विरत जाणाऱ्या रेषा, मग गडदपासून फिकटपर्यंत सलग पट्टा. कागद रंग शोषतो, म्हणून खोटा आत्मविश्वास देतो. जमायला लागलं की प्लॅस्टिकच्या चमच्यांवर या. चमच्याचा फुगीर भाग मॉडेलच्या वळणांसारखा असतो आणि चुकला तर पुसून पुन्हा वापरता येतो. सुई किती मागे जाते यावर मर्यादा घालणारा स्क्रू तुमच्या ब्रशच्या शेपटीला असेल, तर सुरुवातीला तो जरूर वापरा.

पहिल्या मॉडेलला भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट पदार्थ आणि बोटांचं तेल दोन्ही रंग धरू देत नाहीत. मग प्राइमर. पाण्यावरचे पॉलियुरेथेन प्राइमर चोवीस तास तसेच ठेवा. लवकर घासले, तर ते पापुद्र्यासारखे सोलून निघतात. बेसकोटचा पहिला हात अगदी विरळ द्या. खालचा रंग दिसत राहणारच, तो झाकायचा मोह आवरा. तीन-चार विरळ हातांनी झाकलेला रंग एका जाड हातापेक्षा कमी जाडीचा असतो आणि पॅनेलच्या रेषा बुजवत नाही. पिवळा, लाल आणि पांढरा हे रंग झाकायला कमजोर असतात, त्यांच्याखाली पांढरा किंवा फिकट प्राइमर द्या.

आता सफाई, कारण नवशिक्यांचे ब्रश रंगवताना फारसे बिघडत नाहीत, धुताना बिघडतात. दोन रंगांच्या मध्ये पूर्ण उघडायची गरज नाही. उरलेला रंग ओता, कप पुसा, थिनर किंवा क्लीनर घालून साध्या रंगाच्या ब्रशने कपाचा तळ ढवळा, फवारा, आणि पाण्यासारखं स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा करा. टोकावर कापड धरून हलका ट्रिगर दाबला, तर हवा उलटी कपात येऊन बुडबुड्यांनी आतला रंग सैल करते. कप काठोकाठ भरलेला असताना हे करू नका आणि झाकण लावा.

दिवसाच्या शेवटी सुई काढा. आधी चांगलं फवारून घ्या, मागची दांडी काढा, सुईचा चक (सुई घट्ट धरणारा नट) सैल करा आणि सुई सरळ मागे ओढा. घाण सुई ओढली, तर तिच्यावरचा रंग ट्रिगरच्या मागच्या सीलमध्ये जातो आणि काही आठवड्यांनी ट्रिगर अडकायला लागतो. सुई बोटांमध्ये भिजलेला टिश्यू धरून मागून टोकाकडे पुसा, टोकाकडून मागे कधीच नाही. नोझल स्क्रूचं असेल, तर सोबतच्या छोट्या पान्याने सैल करा आणि बसवताना बोटांच्या हलक्या जोरानेच कसा. त्या आट्या इतक्या बारीक असतात की अर्धा वेढा जास्त फिरला, तर नोझल तुटून अर्धं ब्रशमध्ये राहतं. इवाटा एक्लिप्स किंवा हार्डर अँड स्टीनबेक यांच्यासारख्या ब्रशमध्ये नोझल आट्यांशिवाय नुसतं बसतं, तिथे ही भीती नाही, पण ते सिंकच्या भोकात सहज हरवतं. नोझल वाटीत धुवा. आत तार किंवा टाचणी घालू नका, थिनरमध्ये भिजवून इंटरडेंटल ब्रशने किंवा टोक केलेल्या लाकडी काडीने हळुवार फिरवा. परत सुई घालताना ती आपोआप थांबेल तिथेच थांबा. जोर लावला, की सुईचा निमुळता भाग नोझलचं तोंड फाकवतो, आणि मग ट्रिगर सोडला तरी रंग गळत राहतो.

संपूर्ण ब्रश द्रावणात बुडवून रात्रभर ठेवू नका. लॅकर थिनर साध्या रबरी ओ-रिंग फुगवतो, अमोनिया असलेले काच साफ करायचे द्रव पितळाला खातात. सुटे धातूचे भाग भिजवा, बॉडी पुसा. सुईच्या सीलजवळ एअरब्रशच्या वंगणाचा एक टिपका पुरतो.

सुरक्षिततेबद्दल थेट बोलतो, कारण पाण्याचा रंग निरुपद्रवी हा समज धोकादायक आहे. वासच नाही म्हणून पिगमेंट फुफ्फुसात जात नाही असं होत नाही. एअरब्रशचे थेंब इतके बारीक असतात, की ते हवेत तरंगत राहतात. पाण्याच्या रंगांना निदान कणांसाठीचा चांगला रेस्पिरेटर लावा. लॅकर आणि एनॅमलला सेंद्रिय वाफांचा कार्ट्रिज आणि कणांचा फिल्टर दोन्ही असलेला अर्धमुखी मास्क, म्हणजे ए२पी३ किंवा तशा दर्जाचा. दाढी असेल, तर मास्क चेहऱ्याला बसत नाही. कॅडमियम असलेले रंग तर फवारूच नका, बाटलीवरची सूचना वाचा. स्प्रे बूथची हवा पाइपने खिडकीबाहेर गेली पाहिजे. फिल्टरमधून हवा परत खोलीत सोडणारे बूथ कण अडवतात, वाफा अडवत नाहीत. लॅकर फवारताना जवळ ज्योत, हीटर किंवा ठिणगी टाकणारी मोटर नको.

तुमच्या बाबतीत पुढची पावलं मी या क्रमाने टाकेन. आजच्याच ब्रशवर पाण्याची चाचणी करा आणि सुई-नोझल तपासा. पाणी नीट आलं, तर त्याच रंगाच्या कंपनीचा थिनर आणि फ्लो इम्प्रूव्हर आणून १८ पीएसआयच्या आसपास चमच्यांवर सराव करा. तुमचा छोटा कॉम्प्रेसर दाब स्थिर ठेवत नसेल, तर पुढची खरेदी टाकीच्या कॉम्प्रेसरची. ब्रश बदलण्याची वेळ तेव्हा आली असं समजा, जेव्हा मिश्रण आणि दाब तुमच्या हातात आलेले असतील आणि तरीही ट्रिगर धक्क्याने सरकत असेल, किंवा नवीन नोझल टाकूनही बुडबुडे थांबत नसतील. त्या वेळी ज्याची सुई, नोझल आणि सील तुम्हाला सहज मिळतात तोच ब्रश निवडा, आणि ब्रशसोबत एक जादा सुई आणि एक जादा नोझल तेव्हाच मागवून ठेवा.